‘हात मिळवा’ म्हणून मिटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या. पाचवी ते आठवीच्या नव्या तुकड्या बसल्या, बाकं ठरली. कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची, कुणाच्या डब्यात हात घातला तरी चालतो आणि कुणाच्या नाही, हेही पहिल्या चार-सहा आठवड्यांत ठरून जातं. मोठ्यांच्या ते लक्षात येतं तेव्हा बहुधा सहामाही होऊन गेलेली असते. म्हणून शाळेत मुलांकडून मुलांच्या होणाऱ्या छळाबद्दल, कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांसाठी, शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच रीत असते. दोघांनाही ऑफिसात बोलवायचं, दोघांनाही चार शब्द सुनवायचे, ‘एका वर्गातले ना तुम्ही? हात मिळवा’ म्हणायचं आणि तासाला धाडायचं. पाच मिनिटांत काम उरकतं. भांडण असेल तर ही रीत चांगलीच आहे. बॅटवरून किंवा बाकावरच्या जागेवरून जुंपलेली दोन पोरं तोडीस तोड असतात, दोघांचंही थोडंथोडं चुकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ती एकत्र डबा खातात.

छळाची गोष्ट वेगळी आहे. शाळकरी मुलांमधल्या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९७० च्या दशकात डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञानं सुरू केला. त्याच्या तीन खुणा आजही जगभर धरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं अवघड असतं. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच आपण विसरतो. बळ म्हणजे केवळ अंगातलं बळ नव्हे. पाठीशी चार पोरं असणं, दहावीत मोठा भाऊ असणं, सरांचा लाडका असणं, दुसऱ्याचं एखादं गुपित माहीत असणं हेही बळच. अशा दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावले, तर दांडग्याला कळतं की प्रकरण एका ‘सॉरी’वर भागतं. सोसणाऱ्याला कळतं की शाळेच्या लेखी दोघंही सारखेच दोषी. ऑफिसच्या बाहेर पडताच त्याच्या कानात कुणीतरी पुटपुटतं, ‘सांगितलंस न्हवं सरांस्नी? थांब, बघतो तुला.’ ते पोर पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि शाळा समजते की विषय संपला.

दुसरी चूक म्हणजे या सगळ्याकडे दोन मुलांचं प्रकरण म्हणून पाहणं. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की यात सगळा वर्ग कुठल्या ना कुठल्या भूमिकेत असतो. एखादा त्रास देतो, एक-दोघे त्याचे हस्तक असतात, काहीजण हसून चेव आणतात, बरेचजण मान वळवतात आणि मोजकेच सोसणाऱ्याच्या बाजूनं उभे राहतात. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून पाहिलं. त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला मुलं होती, मध्ये पडली ती पाचातल्या एखाद्या प्रसंगातच. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा १० सेकंदांच्या आत सगळं थांबलं. एखाद्याला ‘ढोल्या’ म्हटल्यावर वर्ग हसला नाही, तर ते नाव आठवडाभरही टिकत नाही. त्याला जगवतो तो हशा.

हे नेमकं या वयातच का वाढतं? अकरा ते चौदा या वर्षांत अंगं वेगवेगळ्या वेगानं वाढतात. एकाला मिशी फुटलेली असते, तर शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. घरच्यांपेक्षा सोबत्यांचं मत मोठं वाटू लागतं. त्यातच शाळा बदलते. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत वीस-पंचवीस पोरांत वाढलेलं मूल पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात येतं. काहीजण सातवीनंतर आठवीला येतात. जुनी उतरंड मोडते आणि नवी लावायची असते, आणि ती लावायला एखादं दुबळं पोर हाताशी लागतं. शाहूवाडी, गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवरून येणारी मुलं, नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून येऊन मधूनच वर्गात बसणारी मुलं, इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या परप्रांतीय कामगारांची मुलं यांच्या बोलीची आणि कपड्यांची नक्कल पहिल्याच आठवड्यात सुरू होते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्यात एकदा तरी असा त्रास झाला होता, आणि त्याचं सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण होतं दिसणं. वजन, रंग, चष्मा, तोतरेपणा, उंची यांवरून होणारा हा त्रास आपल्याला परका नाही.

जात मात्र याच्या पोटात घालून चालणार नाही. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच गावात आज भर वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असं म्हणून जातीच्या दाखल्यांची यादी वाचली जाते, हे थांबलं पाहिजे. फॉर्म ऑफिसात घ्यावेत, नावं वर्गात वाचू नयेत. मोफत गणवेशाचंही तसंच. शिक्षकाच्या मनात काही वाईट नसतं, पण दुपारच्या सुट्टीत वापरायला एक शब्द तो मुलांच्या हाती देऊन जातो.

वर्गातल्या अशा कितीतरी साध्या सवयी छळाला वाट करून देतात. ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ म्हणून एकाच मॉनिटरच्या हाती वर्षभर खडू देणं ही त्यातली एक. नाव न लिहिण्याच्या बदल्यात काय काय मागितलं जातं, ते मुलांनाच विचारा. मॉनिटर आठवड्याला बदलावा आणि नावं लिहिण्याचं काम त्याच्याकडे नसावं. पी.टी.च्या तासाला दोन कॅप्टन एकेक गडी निवडतात, तेव्हा रोज तेच पोर शेवटी उरतं आणि सगळ्यांसमोर उरतं. ‘एक-दोन, एक-दोन’ मोजून संघ पाडायला अर्धा मिनिट लागतो. प्रकल्पासाठी ‘आपापले गट करा’ म्हणण्याऐवजी हजेरी क्रमांकानं गट पाडावेत. तपासलेले पेपर मोठ्यानं मार्क सांगत वाटू नयेत. आणि शिक्षकानं स्वतः मुलाला टोपणनावानं हाक मारू नये. सरांच्या तोंडून आलेलं नाव वर्गात कायद्यासारखं चालतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली आहे, हे शिक्षकखोलीत अधूनमधून वाचलं जावं.

त्रास देणारा कुठून येतो, याचंही एकच एक उत्तर नाही. घरात पट्ट्यानं मार बसत असेल, थोरला भाऊ रोज बदडत असेल, संध्याकाळी सात ते दहा पोरगं कुठं असतं हे कुणाला ठाऊक नसेल, तर धोका वाढतो. गल्लीतल्या मोठ्या पोरांच्या ‘भाई’गिरीच्या रील्स पाहून तोच रुबाब वर्गात आणला जातो. आपल्याकडं पेठेचा आणि तालमीचा अभिमान मोठा. त्याच तालमीत शिस्त आणि वडीलधाऱ्यांचा धाकही मिळतो, म्हणून तालमींना दोष देणं आम्हाला पटत नाही. तालमींच्या संघांच्या फुटबॉल मोसमात मैदानावरची खुन्नस सोमवारी वर्गात येते, एवढं शिक्षकांनी लक्षात ठेवावं. मात्र कित्येक दांडगी पोरं चांगल्या घरची, हुशार आणि वर्गात लोकप्रियही असतात. त्यांना राग अनावर झालेला नसतो. आपल्या मागं वर्ग हसतो, हेच त्यांचं बक्षीस असतं. सगळ्यात जास्त काळजी करावी ती दोन्हीकडं सापडलेल्या मुलाची. ते घरी किंवा मोठ्यांकडून सोसतं आणि शाळेत धाकट्यांवर काढतं. नैराश्य, अभ्यासातली घसरण, शाळा बुडवणं या सगळ्यात त्याची अवस्था सहसा सर्वांत वाईट असते. नुसती शिक्षा केली तर ते पूर्णच हातचं जातं.

मुलींमधला त्रास दिसत नाही, म्हणून तो कमी असतो असं नव्हे. ‘तिच्याशी बोलायचं नाही’ असा निरोप बाकाबाकांवर फिरतो, एखाद्या मुलाशी नाव जोडलं जातं, तिला वगळून ग्रुप काढला जातो, पाळीच्या डागावरून कुजबुज होते. मुलग्यांत टपली मारणं, चड्डी ओढणं, ‘बायल्या’ म्हणणं चालतं. कपडे उतरवणं किंवा गुप्तांगाला हात लावणं याला कुणीही ‘मस्ती’ म्हणू नये. असं कळलं की पोक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) यानुसार पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, मग करणारं मूल कितीही लहान असो. त्याच्याबाबतचा निर्णय बाल न्याय मंडळ घेतं, ते शाळेचं काम नव्हे.

आता करायचं काय. पहिली पायरी म्हणजे मोजणं. जुलैच्या मध्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, बिननावी प्रश्नावली द्यावी. त्याला २० मिनिटं पुरतात. ‘बुलिंग’ किंवा ‘छळ’ हा शब्द वापरला की मुलं ‘नाही’वर खूण करून मोकळी होतात, म्हणून कृती विचारावी: गेल्या दोन महिन्यांत तुझा डबा किंवा वस्तू कुणी हिसकावली का, नकोशा नावानं हाक मारली का, खेळातून किंवा गटातून मुद्दाम वगळलं का, मारलं किंवा ढकललं का, मोबाइलवर तुझ्याबद्दल काही टाकलं का. उत्तरं पाच: एकदाही नाही, एक-दोनदा, महिन्यातून दोन-तीनदा, आठवड्यातून एकदा, आठवड्यातून अनेकदा. महिन्यातून दोन-तीनदा किंवा त्याहून जास्त असेल, तर ते मूल छळ सोसतंय असं धरायचं, ही ओल्वेयस यांच्या प्रश्नावलीतली मर्यादा आहे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त खुणा करायला सांगाव्यात. वर्गशिक्षकानं नव्हे, दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकानं कागद द्यावेत, बाकांमधून फिरू नये, आणि मुलांसमोरच पाकीट बंद करावं. तुकड्या-तुकड्यांची तुलना करून वर्गशिक्षकाला जाब विचारला, तर पुढच्या वेळी सगळीकडं ‘एकदाही नाही’च येईल. पहिल्या वर्षी आकडा वाढला तर घाबरू नये. बहुधा मुलं बोलायला लागलेली असतात.

त्याच कागदाच्या मागं शाळेचा साधा आराखडा छापावा. जिथं भीती वाटते तिथं फुली, आणि शेजारी वेळ. अशा फुल्या सहसा ठरावीक जागीच पडतात: स्वच्छतागृह, पाण्याचे नळ, जिन्याचं वळण, इमारतीची मागची बाजू, सायकल स्टँड. वेळाही ठरलेल्या: मधली सुट्टी, शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं, आणि दोन तासांमधली ती तीन-चार मिनिटं, जेव्हा आधीचे सर गेलेले असतात आणि पुढच्या बाई जिन्यात असतात. दोन पाळ्यांच्या शाळांत सकाळची पाळी सुटताना आणि दुपारची भरताना फाटकापाशी जी झुंबड होते, तिथंही. फुल्या कुठं पडतात ते पाहून ड्युटी लावावी. सुट्टीत दोन शिक्षक, दोन ठरलेले टप्पे, खुर्ची नाही, मोबाइल खिशात आणि सतत फिरतं पाऊल. स्वच्छतागृहाच्या बाहेर, आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर शिपाई किंवा सेविका. शिक्षकांची बैठक मधल्या सुट्टीत घेऊ नये. सीसीटीव्हीला धक्काबुक्की दिसते, पण ‘उद्या पन्नास रुपये आण’ हे त्याला ऐकू येत नाही. रिक्षामामा आणि व्हॅनच्या काकांनाही वर्षातून एकदा बोलावून बसवावं. सर्वांत धाकटी मुलं चालकाच्या जवळ, मोठी मागं, आणि काही दिसलं तर फोन कुणाला करायचा, एवढं ठरवलं तरी बराच फरक पडतो. निवासी शाळा आणि वसतिगृहांत जेवणानंतर दिवे मालवेपर्यंतचा वेळ सगळ्यात नाजूक. त्या वेळात खोल्यांमधून फिरणारा मोठा माणूस हवाच, ते काम मोठ्या वर्गाच्या मुलांवर सोपवू नये.

तक्रार आली की त्याच दिवशी बोलावं, आणि आधी सोसणाऱ्या मुलाशी, एकट्याशी, व्हरांड्यातून दिसणार नाही अशा जागी. ‘तू काय केलंस म्हणून त्यानं मारलं?’ हा प्रश्न विचारूच नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये, ते पाळता येत नाही. ‘कुणाला सांगावं लागेल ते तुला आधी सांगीन’ एवढं म्हणावं आणि तसं वागावं. नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, मुलाचेच शब्द, बघणारे कोण, काय केलं आणि पुन्हा विचारायची तारीख, असे सात रकाने. मग त्रास देणाऱ्यांना एकामागून एक, एकाच तासात बोलवावं, म्हणजे त्यांना आपसात जुळवाजुळव करता येत नाही. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. तक्रार कुणी केली ते सांगू नये. ‘नळापाशी काय चालतं ते आम्हाला कळलंय, ते आजपासून बंद. तू उद्या काय वेगळं करणार?’ नाकारलं तर वाद घालू नये, प्रश्न तोच ठेवावा. दोन्ही बाजूंच्या पालकांना वेगवेगळ्या वेळी बोलवावं.

इथंच शाळा सहसा थांबतात, आणि इथंच सगळं बिघडतं. चार-पाच दिवस शांत जातात, मग तोच त्रास बारीक रूपात सुरू होतो: नुसतं खाकरणं, बाकाला लाथ, वहीवर रेघ. म्हणून सोसणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात एकट्याला विचारावं आणि ते नोंदवावं. बाक किंवा तुकडी बदलायचीच असेल, तर ती त्रास देणाऱ्याची बदलावी. ‘तूच पुढं बस, तूच दुसऱ्या रस्त्यानं जा’ असं सांगणं म्हणजे सोसणाऱ्यालाच शिक्षा. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करणं किंवा छडी देणं यानं दांडगं पोर आणखी मोठं होतं आणि वचपा काढतं. दाखला हातात देऊन काढून टाकलं, तर ते दुखणं पुढच्या शाळेत जातं.

पालकांसाठी थोडं. रविवारी बरं असलेलं पोट सोमवारी सकाळी दुखतं, पेन-कंपास वारंवार हरवतात, डबा न खाता भूक भूक करत मूल घरी येतं, ते शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं टाळतं, मित्रांची नावं घेईनासं होतं. यातलं एकच दिसलं तर काहीही असू शकतं, तीन-चार मिळून दिसली तर बसून बोला. ‘तू पण दोन ठेवून दे’ हा सल्ला देऊ नका. ठेवून देता आली असती तर त्यानं केव्हाच दिली असती. फाटकाबाहेर दुसऱ्याच्या मुलाला दटावू नका, पालकांच्या ग्रुपवर नाव टाकू नका. तारखा लिहून काढा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि शाळेतून ‘तुमचा मुलगा त्रास देतो’ असा फोन आला, तर ‘आमचा असला नाही’ म्हणण्याआधी, आणि त्याला बडवून काढण्याआधी, कुठं, कधी आणि कुणाबरोबर हे विचारा.

मोबाइलचं सांगायचं तर चेहऱ्याचं स्टिकर, चोरून काढलेला व्हिडिओ, खोटं खातं हे सगळं शाळा सुटल्यावरही चालू राहतं. आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, मग तक्रार करा, मग ग्रुप सोडा. क्रम उलटा झाला तर पुरावा जातो. मुलानं सांगितल्यावर त्याचाच मोबाइल काढून घेतला, तर ते पुढच्या वेळी सांगणार नाही.

कायदा आहे, पण तो फारसा कुणाला माहीत नसतो. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा केवळ महाविद्यालयांपुरता नाही. शिक्षण देणाऱ्या संस्था आणि त्यांची वसतिगृहं त्यात येतात, चिडवणं आणि धमकावणं हेही येतं, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आपल्या शाळेत तो आहे का, हे पालकांनी विचारावं. तक्रारपेटी शासनानं सक्तीची केलीच आहे. ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगू नये, सगळ्यांच्या नजरेसमोर कुणी चिठ्ठी टाकत नाही. चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ते मुलांना दिसतील असे स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहावेत.

एवढं करून काय साधतं? २०१९ मध्ये जगभरातल्या अनेक कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात त्रास देण्याचं प्रमाण सुमारे १९-२० टक्क्यांनी आणि सोसण्याचं १५-१६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. छळ संपत नाही, पण साठ मुलांच्या वर्गात दहा जण सोसत असतील, तर त्यातलं एखाद-दुसरं सुटतं. ते मूल ज्यांचं आहे, त्यांना हा आकडा लहान वाटणार नाही.

जुलैच्या पालकसभेच्या विषयपत्रिकेवर दोनच गोष्टी घाला, एवढीच मुख्याध्यापकांना विनंती आहे: मुलांनी फुल्या मारलेला शाळेचा आराखडा, आणि त्याप्रमाणे लावलेला ड्युटीचा तक्ता.

आपले,
काही माध्यमिक शिक्षक व शाळा समुपदेशक, कोल्हापूर